गिअर केव्हा बदलायचा? एका लहान दिव्याची पूर्वपीठिका

पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, दौंड तालुक्यातले वरवंड गाव लागते. गावापाशी वेग कमी करून पुन्हा निघालेल्या ट्रकचा आवाज ऐकावा. तो चढत जातो, क्षणभर तुटतो, खालच्या पट्टीत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. ज्याने आयुष्यात कधी ट्रक चालवला नाही तोही सांगेल की ड्रायव्हरने गिअर बदलला. पण नेमका त्याच क्षणी का बदलला? विचारले तर उत्तर मिळते, 'आवाजावरून कळतं.'

इंजिनाचे फेरे ठरावीक संख्येला पोचले की पेटणारा आणि 'आता गिअर बदला' असे सांगणारा एक लहान दिवा असतो. त्याला शिफ्ट लाइट म्हणतात. जुन्या मोटारीत तो वेगळा बसवूनही घेता येतो. दिसायला क्षुल्लक अशा या दिव्याला कानाचे काम शिकायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

आधी कानाचे काम समजून घेऊ. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून चाक फिरवले की टकटक ऐकू येते. चाक वेगाने फिरवले की टकटकीचा सूर होतो आणि वेगाबरोबर तो चढतो. चाकाला ३२ आऱ्या असतील आणि ते सेकंदाला ३ फेरे घेत असेल, तर सेकंदाला ९६ टकटक होतात. इंजिनाचेही असेच. चार सिलिंडरच्या, चार-फटक्यांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते, म्हणजे सगळे मिळून एका फेऱ्यात दोन स्फोट. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर सेकंदाला १०० स्फोट होतात. कानाला हा आकडा कळत नाही, पट्टी कळते. सवयीच्या गाडीत तेवढे पुरते. गाडी बदलली की कान नव्याने तयार करावा लागतो.

फेऱ्यांना आकडा देण्याची गरज मोटारीच्या कितीतरी आधी कारखान्यांत निर्माण झाली. सलग कागद काढणारे यंत्र इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आणणारा ब्रायन डाँकिन याने १८१० साली एक वेगमापक तयार केला. पेल्यात पारा घेऊन तो फिरवला की पारा कडेला चढतो आणि मध्ये खोलगट होतो, हे त्याचे तत्त्व. मध्यभागी बसवलेल्या नळीतला रंगीत द्रव त्यामुळे खाली उतरे, आणि किती उतरला त्यावरून वेग वाचता येई. चहाचा कप ढवळताना हेच दिसते. वर्गात दाखवायला यापेक्षा स्वस्त साधन आम्हाला तरी माहीत नाही.

पाऱ्याचा पेला धक्के खाणाऱ्या गाडीत चालणार नव्हता. फिरत्या चुंबकाजवळची धातूची चकती त्याच्यामागे ओढली जाते, कारण चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. अशा चुंबक-चकतीच्या ओढीची घटना आरागोने १८२४ च्या सुमारास पाहिली होती, तिचा उलगडा फॅरेडेच्या १८३१ च्या प्रयोगांनी झाला, आणि जर्मनीत ओटो शुल्झ याने १९०२ साली तिच्यावर आधारित वेगदर्शकाचे पेटंट घेतले. चुंबक चाकाला जोडला तर गाडीचा वेग कळतो, इंजिनाला जोडला तर इंजिनाचे फेरे.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या सर्वसाधारण पद्मिनीत किंवा १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा नव्हता. वरवंडच्या परिसरात तो काटा रोजच्या कामात वाचला जाई तो मोटारीत नव्हे, ट्रॅक्टरवर. मागे जोडलेले रोटाव्हेटरसारखे अवजार ज्या दांड्यावर फिरते त्या पी.टी.ओ.चा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे, आणि त्यासाठी इंजिन किती फिरवायचे याची खूणच मीटरवर असते. मोटारवाल्याचे कानावर भागत होते. अवजाराचे भागत नव्हते.

काटा असला तरी एक अडचण राहतेच. तो वाचायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. शिवाय गिअर बदलण्यासाठी '२,४३०' हा आकडा कळण्याची गरजही नसते. फेरे ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले की नाही, एवढेच हवे असते. मोजणे आणि मर्यादा ओलांडल्याचे ओळखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दिवा फक्त दुसरे करतो. त्यासाठी लागणारी खबर पेट्रोल इंजिनात फुकट मिळते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास विकसित केलेल्या बॅटरी-कॉइल पद्धतीत, मेकॅनिक ज्याला सी.बी. पॉइंट म्हणतात तो उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. ठिणग्या मोजल्या की फेरे मोजले.

मंडल साधे आहे. प्रत्येक ठिणगीबरोबर ९ व्होल्टचा, बरोबर २ मिलिसेकंद टिकणारा एक स्पंद तयार करायचा. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही चिप हे काम सहज करते. मिनिटाला २,५०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ ठिणग्या. स्पंद एकूण वेळेच्या एक षष्ठांश भाग चालू राहतो, म्हणून सरासरी व्होल्टता १.५. ही सरासरी १.५ व्होल्टच्या वर गेली की दिवा लावायचा. मारुती ८०० ला तीन सिलिंडर असल्यामुळे एका फेऱ्यात दीडच ठिणगी पडते. तेच मंडल तसेच बसवले तर दिवा २,५०० ऐवजी ३,३३३ फेऱ्यांना लागेल. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

दिवा मात्र तारेचा बल्ब नको. तार तापायला वेळ घेते आणि धक्क्यांनी तुटते. निक होलोन्याक याने १९६२ साली लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला आणि ही अडचण सुटली. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट असतात, लाल डायोड त्यातले २ घेतो; २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी बाकीच्या १२ व्होल्टना ६०० ओहमचा रोध हवा.

आता मर्यादा कोणी ठरवायची? शर्यतीच्या गाडीत ती वरच्या टोकाला असते, जिथे पुढच्या गिअरमध्ये जास्त जोर मिळेल तिथे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेच मंडल उलट हेतूने वापरात आले. कमी फेऱ्यांत इंजिनाचे घर्षण आणि हवा ओढण्याचे श्रम कमी, म्हणून गिअर लवकर चढवला की पेट्रोल वाचते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक गाड्यांत वर दाखवणारा बाण आला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून हातगिअरच्या सर्व नव्या प्रवासी मोटारींना असा दर्शक सक्तीचा केला. एक दिवा घाई करा म्हणतो, दुसरा थांबू नका म्हणतो, आणि दोघांत फरक फक्त एका रोधाचा!

साध्या दिव्याला ओझे कळत नाही हे आम्हाला त्याचे खरे वैगुण्य वाटते. दिवेघाटात पाच माणसे घेऊन चढताना २,५०० ला गिअर चढवला तर इंजिन गुरगुरू लागेल, आणि तिथे कानच बरोबर ठरतो. आपल्याकडे २००० च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन संगणकाने नियंत्रित इंधन-फवारणी आली. हा संगणक क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकावरून फेरे मोजतो, थ्रॉटल किती उघडली आहे तेही पाहतो, आणि चढावर बाण उशिरा दाखवू शकतो. जुन्या गाडीत दिवा बसवणाऱ्याने तार मात्र जपून जोडावी: पॉइंट उघडताना कॉइलच्या त्या टोकाला काहीशे व्होल्टचा झटका येतो, आणि मध्ये रोध व झेनर डायोड नसेल तर चिप पहिल्याच ठिणगीला जाते.