तंग आणि खटका



इतिहासाच्या व्यासपीठावरून मोटारसायकलीच्या पिशव्यांविषयी बोलू लागणे हे धाडसाचेच आहे. या मांडवात आपण लढाया ऐकल्या, तह ऐकले, राज्यक्रांत्या ऐकल्या. त्यांच्या पंक्तीला ही पिशवी कोठून येऊन बसली, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु माणसांप्रमाणे वस्तूंनाही कुळकथा असते, आणि कधी कधी तिच्यातून अशी माणसे भेटतात की ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळालेली नाही.

दूरच्या प्रवासाला निघालेली मोटारसायकल आपण पाहिली असेल. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस चामड्याच्या पिशव्या किंवा टणक पेट्या असतात. मुक्कामी पोहोचल्यावर स्वार एक खटका ओढतो, पेटी हातात येते आणि तो चालू लागतो. पाना लागत नाही, पेचकस लागत नाही, काही क्षणांचे काम! हा खटका येण्यापूर्वी ते काम कोणाला करावे लागे, आणि खटका आल्यावर ते खरोखर नाहीसे झाले काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या पिशवीला इंग्रजीत सॅडलबॅग म्हणतात, म्हणजे खोगिराची पिशवी. मोटारसायकलीला खोगीर नसते. पण १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीतील कान्श्टाट येथे पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली, तेव्हा तिला त्यांनी नाव दिले ते ‘स्वारीची गाडी’ याच अर्थाचे. सांगाडा लाकडाचा, वर चामड्याची बैठक, आणि बैठकीखाली घोड्याच्या जागी इंजिन. घोडा गेला तरी त्याचा संसार मागे राहिला. पिशवी ही त्या संसारातलीच. आपली पडशी काय किंवा खुर्जी काय, तत्त्व तेच: दोन कप्पे, मध्ये पट्टा, जनावराच्या पाठीवर आडवी टाकली की दोन्हीकडची ओझी एकमेकांना तोलून धरतात. बैलाच्या पाठीवर गोण्या घालून मुलूखभर हिंडणाऱ्या लमाणांना हे कोणी शिकवावे लागले नाही. मात्र हा तोल चालीपुरता असतो. जनावर दौडू लागले की पिशवी उसळते, सरकते, म्हणून तिला बांधावे लागते. आणि बांधले की सोडावे लागते. सगळा घोळ येथे आहे. धावताना पिशवी जणू अंगाचाच भाग असावी आणि थांबताच परकी व्हावी, अशा दोन उलट मागण्या स्वार तिच्याकडे करतो.

या मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारी एक युक्ती अमेरिकेत १८६० साली सर्वांच्या नजरेस आली. त्या वर्षीच्या ३ एप्रिलला रसेल, मेजर्स आणि वॅडेल यांच्या पेढीने मिसूरी प्रांतातील सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपर्यंत घोडेस्वारांची डाक सुरू केली. अंतर सुमारे १९०० मैल, मुदत दहा दिवस. दहा-पंधरा मैलांवर एक ठाणे. तेथे घोडा बदलायचा. पाऊण-एकशे मैलांनी स्वार बदलायचा. घोडा बदलण्यास वेळ होता तो दोन मिनिटांचा! आता घोड्याचे खोगीर उतरवून दुसऱ्यावर चढवायचे, तंग आवळायचा आणि डाकेची पिशवी पुन्हा बांधायची, हे दोन मिनिटांत होणे शक्य नाही. म्हणून त्यांनी मोचिला वापरली. हा शब्द स्पॅनिश. वस्तू मेक्सिको-कॅलिफोर्नियाकडच्या गुराख्यांच्या खोगिरावरची. खोगिरावर अंथरायचे ते एक चामड्याचे पांघरूण होते. पुढच्या खुंटीसाठी आणि मागच्या उंचवट्यासाठी त्याला भोके पाडलेली असत, आणि चार कोपऱ्यांना चार टणक कप्पे शिवलेले असत. तीन कप्प्यांना कुलूप, चौथा वाटेवरच्या कामासाठी मोकळा. आत सुमारे वीस पौंड डाक. पत्रे पातळ कागदावर लिहिलेली, कारण आरंभी अर्ध्या औंसाला पाच डॉलर इतका दर होता.

या मोचिलेला बांधायचा बंदच नव्हता. ती खोगिरावर टाकायची आणि स्वाराने वर बसायचे. स्वाराचे वजन हीच तिची गाठ! तो उतरला की गाठ सुटली. मोचिला उचलली, दुसऱ्या घोड्यावर फेकली, वर उडी मारली की गाठ पुन्हा बसली. १८६१ च्या मार्चमध्ये लिंकनचे अध्यक्षपद स्वीकारतानाचे भाषण याच डाकेने ७ दिवस १७ तासांत पोहोचवले, असे सांगतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तारायंत्र देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडले गेले आणि घोड्यांची डाक बंद पडली. पुरते दीड वर्ष चाललेला हा खेळ. पण त्याची चित्रे निघाली, पुतळे उभे राहिले. सगळे स्वाराचे.

आता आपण क्षणभर ठाण्यावर थांबू. दोन मिनिटांत घोडा बदलता येई तो कशामुळे? तेथे ताजा घोडा आधीच खोगीर घालून, तंग आवळून उभा असे म्हणून. तंग आवळणे हे सावकाशीचे काम आहे. काही घोडी तंग आवळताना पोट फुगवून धरतात. थोडे थांबून पुन्हा आवळावा लागतो, नाही तर खोगीर फिरते आणि स्वार खाली येतो. हे सगळे ठाणेदार आणि मोतद्दार यांनी, पहाटे, बर्फात, टापांचा आवाज कानी येण्यापूर्वी उरकलेले असे. म्हणजे मोचिलेने वेळ वाचवला असे म्हणण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवला असे म्हणणे अधिक खरे होईल.

आणि ते अंगण सुरक्षित नव्हते. नेवाडाच्या कोरड्या मुलखात पाणी आणि गवत जेथे होते तेथेच ठाणी बसली, आणि तीच पाणी-गवताची स्थळे पैयूट लोकांच्या उपजीविकेची होती. १८६० च्या मे महिन्यात विल्यम्स ठाण्यावर पैयूटांच्या मुली पळवून ठेवल्यावरून संघर्षाचा भडका उडाला. ठाणी जळाली, डाक काही आठवडे थांबली. त्यात जे मारले गेले त्यांत स्वारांपेक्षा ठाण्यांवरची माणसे अधिक होती. पैयूटांचे मृत्यू वेगळेच. स्वार निघून जाऊ शकत होता. तंग आवळणाऱ्याला तेथेच राहावे लागे.

मोटारसायकलीला ठाणे नाही, मोतद्दार नाही. शिवाय तिचे तीन स्वभाव घोड्याला नव्हते. तिचे मागचे चाक उघडे फिरते. सैल पिशवी आऱ्यांत शिरली तर चाक जागीच अडकते. तिचा सायलेन्सर तापतो आणि चामडे जाळतो. तिसरा स्वभाव म्हणजे थरथर. नट कितीही आवळा, आडव्या थरथरीने त्याची आट्यांवरील पकड क्षणोक्षणी घसरते आणि तो आपणहून फिरत सुटतो. याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन अभियंता गेरहार्ट युंकर याने १९६९ साली मांडला, परंतु रस्त्यावर नट गमावलेल्या प्रत्येक स्वाराला तो आधीच ठाऊक होता! म्हणून कित्येक वर्षे पिशव्या पक्क्या बोल्टांनी जखडलेल्या असत किंवा चामडी पट्ट्यांनी बांधलेल्या असत. मुक्कामाला पिशवी गाडीवरच राहायची आणि सामान काखोटीला मारून न्यायचे.

थरथरीत न सुटणारा आणि हाताने मात्र सहज सुटणारा खटका आला तो विमान आणि सायकल यांच्याकडून. गॅलिशियात जन्मलेला युक्रेनी कारागीर विल्यम ड्झूस अमेरिकेत गेला आणि १९३० च्या दशकात त्याने विमानाच्या इंजिनावरचे पत्रे बसवण्यासाठी एक खुंटी तयार केली. तिच्या अंगावर नागमोडी खाच असते; समोर ताणलेली तार. खुंटीला पाव वळसा दिला की तार खाचेतून चढते, एका उंचवट्यावरून जाते आणि पलीकडच्या खळग्यात टक्क करून बसते. परत यायचे तर तो उंचवटा पुन्हा चढावा लागेल, आणि थरथरीच्या अंगात तेवढा जोर नसतो. इटलीत तुल्लिओ काम्पान्योलो याने सायकलीचे चाक सोडवण्यासाठी जी कळ केली तिचेही मर्म हेच. १९२७ साली शर्यतीत थंडीने बोटे गारठून चाकाचे नट सुटेनात म्हणून त्याला ती सुचली, ही कथा फार गोड आहे. इतिहासकारांना ती तितकीशी पटत नाही.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९७० च्या दशकात जर्मनीतील क्राउझर यांच्या काढघाल करता येणाऱ्या पेट्या बीएमडब्ल्यू गाड्यांवर दिसू लागल्या. १९७८ साली इटलीतील ब्रेशा येथे जुझेप्पे विझेंझी या माजी शर्यतपटूने आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून गिवी ही पेढी काढली. तिच्या पेट्यांत झाकण उघडणे आणि पेटी गाडीवरून सोडवणे ही दोन्ही कामे एकाच किल्लीने होऊ लागली. चामड्याच्या पिशव्यांसाठीही अशीच जोडणी निघाली: गाडीच्या मडगार्डापाशी खाचेच्या खुंट्या, पिशवीच्या पाठीशी पोलादी पट्टी, पट्टी खुंट्यांवर सरकवायची आणि खटका लावायचा.

ही जोडणी बसवणाऱ्या मिस्त्रीचे काम मात्र दोन मिनिटांचे नाही. खुंटी बसते ती मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टाच्याच जागी. म्हणून सगळे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. एक काढावा, खुंटी बसवावी, मग दुसऱ्याकडे वळावे. खुंटीच्या जाडीमुळे जुना बोल्ट आत पुरेसा शिरत नाही, तेव्हा लांब बोल्ट घ्यावा, पण इतका लांब नव्हे की त्याचे टोक आत फिरत्या चाकाला घासेल. आट्यांवर तेलाचा ओशटपणा नको. त्यांवर पकड धरणारे ते औषध लावावे, जे हार्टफर्ड येथील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली शोधले आणि जे हवा कोंडली की घट्ट होते. मग जोर मोजणाऱ्या पान्याने ठरलेल्या मापापर्यंत आवळावे. नंतर मागे दोन माणसे बसवून गाडी पुरती दाबून पाहावी, पिशवी चाकाला किंवा सायलेन्सरला भिडत तर नाही ना. पहिल्या लांब फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावे. पेटी क्षणात सुटते ती ज्या बोल्टाच्या जिवावर, तो बोल्ट कधीच सुटता कामा नये. तंग आवळणारा माणूस ठाण्यावरून उठून गॅरेजात आला आहे, इतकेच.

हे पाहायला परदेशी गाडीच हवी असे नाही. सकाळी दूध घालायला येणाऱ्याच्या मोटारसायकलीकडे पाहावे. दोन्ही अंगांस लोखंडी चौकट, तिला आकडे, आकड्यांत किटल्यांच्या कड्या. भरलेली किटली स्वतःच्या वजनाने आकड्यात घट्ट बसते. दारापाशी तो एका हाताने ती उचलतो, माप घालतो, परत अडकवतो. मोचिलेचेच नाते हे, फक्त वजन स्वाराच्या ऐवजी दुधाचे. रिकाम्या किटल्या परतीच्या वाटेवर खडखडतात, म्हणून पुष्कळजण कडीला ट्यूबच्या रबराचा एक वेढा घालतात. आणि ती चौकट ज्याने वितळजोड करून दिली त्याचे दुकान बहुधा हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी असते.