दिवाणखान्यातलं सांबर



1810 च्या सुमारास ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिचंच पुढे लष्कर झालं. त्या लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांत दोन गोष्टी हमखास दिसत: देवघरातला खंडोबा आणि दिवाणखान्यातली शिंगं. आमच्याकडेही होती. सांबराची, ढालीसारख्या लाकडी पाटावर बसवलेली. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचं रान. माधवराव महाराजांच्या अमदानीत पणजोबांनी तिथेच हे सांबर "एका गोळीत" लोळवलं, असं आम्ही तीन पिढ्या ऐकत आलो.

बाबा गेले तेव्हा ती शिंगं माझ्याकडे आली. मालकीचं प्रमाणपत्र त्यांच्या नावावर होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अशी वस्तू वारशाने आली तर नव्वद दिवसांत वनखात्याला कळवावं लागतं, आणि ती विकता तर येतच नाही. म्हणून आधी कागद केले, मग हात लावला.

कुणीतरी कधीकाळी त्यांच्यावर काळपट फ्रेंच पॉलिश फासलं होतं. त्यावर चुन्याचे शिंतोडे. जुन्या मुंडक्यांना कीड लागू नये म्हणून सोमल लावत, हे ऐकून होतो, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडका. कोमट पाणी, थोडा साबण, जुना दातांचा ब्रश. शिंगं भिजत मात्र घालायची नाहीत. पॉलिश लाखेचं, ते स्पिरिटच्या बोळ्याने सुटलं. खाली निघालं ते पांढरं फटक हाड. खिडकीच्या उन्हाने मूळ रंग केव्हाच उडाला होता.

हा मूळ रंग येतो कुठून? हरणाचं शिंग म्हणजे भरीव हाड. दरवर्षी गळतं, नवं येतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते. ती सुटायला लागली की नर झाडांवर शिंगं घासतो; वाळलेलं रक्त आणि झाडाचा चीक मिळून तो तपकिरी रंग चढतो. काळविटाचं तसं नसतं. त्याचं शिंग पोकळ, नखाच्या जातीचं, जन्मभर तेच. त्याला हा रंग लावायचा नसतो.

मी कडक चहाचा काढा केला. एक हात, वाळवणं, परत दुसरा. खाचांमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं अगदी पातळ पाणी. लावताना जांभळं दिसतं, वाळलं की तपकिरी होतं. टोकं बारीक पॉलिश पेपरने घासून पांढरी ठेवली, कारण जिवंत प्राण्याचीही घासून तशीच होतात. शेवटी मेणाचा पुसट हात.

हे करताना पाट उलटा केला, स्क्रू काढले. शिकार केलेल्या जनावराच्या शिंगांखाली कवटीचा तुकडा असतो. इथे होता लाकडाचा ठोकळा, वर प्लास्टर. दोन्ही शिंगांचे बूड सुटे, गोलसर, खरबरीत. म्हणजे आपोआप गळून पडलेली शिंगं! त्यातही एक दुसऱ्यापेक्षा लहान. एकाच सांबराची तरी होती की नाही, देव जाणे.

गोळीच झाडली नव्हती. निदान या सांबरावर तरी नाही.

दोन दिवस कुणाला बोललो नाही. बाबा पाहुण्यांना ती गोष्ट सांगताना हात कसा वर करायचे, ते आठवत होतं. शेवटी आत्याला सांगितलं. ती नव्वदीला टेकलीय. ऐकून म्हणाली, "अरे, आजोबांचा चष्मा किती जाड होता, ठाऊक आहे का तुला? मला तर लहानपणीच शंका होती. पण सांगायचे छान रे!"

मी ठोकळा तसाच ठेवला, खोटी कवटी करवून घेतली नाही. पाटाच्या मागे चिठ्ठी चिकटवली: "जंगलात गळून पडलेली शिंगं. रंग चहाचा." आणि खाली, "गोष्ट पणजोबांची."

शिवपुरीचं ते रान मार्च 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे आजही शिंगं गळतात, पण ती उचलून आणायची नाहीत. गळलेली असली तरी कायदा लागू होतोच.

तुमच्याही वाड्यात अशी शिंगं असतील. कागद असतील तर एकदा उतरवून मागून पाहा. आणि घरात कुणी आत्या, काका असतील तर त्यांना आधी विचारा.