उतारावर नवं घर बांधताय? आधी पावसाच्या पाण्याची वाट ठरवा

कोकणात आणि घाटमाथ्यावर सपाट जागा कमी. त्यामुळे डोंगर कापून जागा करायची आणि निघालेली माती पुढे टाकून अंगण भरायचं, अशी पद्धत पडली आहे. पण मागची कापलेली दरड आणि पुढचा भराव, दोन्ही पाण्याला कच्चे असतात.

पाणी किती येतं?
१००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला की सुमारे ९ हजार लिटर पाणी होतं, म्हणजे जवळपास एक टँकर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिमीहून जास्त पाऊस झाला होता. डोंगरावरून येणारं पाणी वेगळंच.

पाणी जिरवू नका, वाहून न्या
‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे शेतात बरोबर. पण भरावाजवळ किंवा भिंतीमागे शोषखड्डा घेतला तर माती भिजून जड होते, तिची पकड सुटते आणि भराव खचतो. शोषखड्डा घ्यायचाच तर घरापासून लांब, मूळ घट्ट जमिनीत घ्या.

काय करावं?
- वरची चर: दरडीच्या कडेपासून थोडं वर आडवी चर खणा. तिला एका बाजूला हलका उतार द्या, तळ पक्का करा. चरीत पाणी साचलं तर तेच दरडीत मुरतं.
- पन्हळ: पागोळ्यांचं पाणी जोत्याजवळ पडू देऊ नका. पन्हळ लावून पाईपने खालच्या गटारात सोडा.
- भिंत: सिमेंटच्या संरक्षक भिंतीत दर चार-पाच फुटांवर ३-४ इंची पाईपची भोकं ठेवा आणि मागे खडी भरा. भोकं नसतील तर मागचं पाणी भिंत ढकलतं.
- गटार: सरळ उतारावर गटाराला दगडी पायऱ्या करा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. शेवट ओढ्यात किंवा वहाळात करा आणि तिथे दगड रचा. खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात पाणी सोडू नका. बांधकामाआधीच त्याच्याशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून घ्या.
- झाडं: उतारावरची झाडं तोडू नका. उघड्या मातीवर वाळा लावा, त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात.

ही कामं मे महिन्यातच उरका. पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर चर आणि भोकं साफ करा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका
जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, झाडं-खांब कलणं, दारं अचानक अडकणं, नवीन जागी गढूळ पाझर फुटणं. असं काही दिसलं तर रात्र असली तरी घर सोडा, खालच्या घरांनाही उठवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) इथे दरड कोसळली तेव्हा लोकांना पळायलाही वेळ मिळाला नाही.