फ्रान्सच्या शाळा एकाच दिवशी का सुटत नाहीत?

१/ २०२५ च्या फेब्रुवारीतील गोष्ट. १५ तारखेला पॅरिसच्या शाळांना हिवाळी सुट्टी लागली, तेव्हा मार्सेयच्या मुलांची दोन आठवड्यांची सुट्टी निम्मी सरली होती आणि लियोंची मुले आणखी आठवडाभर वर्गातच बसणार होती. देश एक, शिक्षण मंत्रालय एक, मग सुट्ट्या वेगळ्या का? या थ्रेडमध्ये त्याचा इतिहास पाहू.

२/ पूर्वी शाळेची सुट्टी शेताकडे पाहून ठरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच शाळा ऑक्टोबरच्या आरंभी उघडत, कारण सप्टेंबर हा द्राक्षतोडणीचा महिना. सुट्टी म्हणजे प्रवास हे समीकरण तेव्हा केवळ सधन कुटुंबांपुरते होते.

३/ ते बदलले १९३६ मध्ये. लेओं ब्लूम यांच्या 'पॉप्युलर फ्रंट' सरकारने जूनमध्ये कायदा करून कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट निघाले. असंख्य कामगारांनी त्या उन्हाळ्यात समुद्र प्रथमच पाहिला.

४/ १९५६ मध्ये रजा तीन आठवड्यांची झाली, १९६९ मध्ये चार. घरोघरी मोटारी आल्या. मोठे कारखाने ऑगस्टमध्ये बंद राहू लागले. परिणामी रजेचा हक्क सर्वांना मिळाला, पण तो सर्वांनी एकाच वेळी बजावला.

५/ १९७५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या रस्त्यांवर एकूण सुमारे ६०० किलोमीटरची वाहतूक कोंडी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने 'बिझों फ्युते', म्हणजे 'चतुर गवा', ही प्रवासी सूचना-सेवा सुरू केली. तिच्या दिनदर्शिकेत आजही हिरवे, नारिंगी, लाल आणि काळे दिवस असतात. काळ्या दिवशी शक्यतो घराबाहेर पडू नये.

६/ दरम्यान पर्वतांत दुसरीच घडामोड चालू होती. १९६४ पासून 'प्लां नेज' या सरकारी योजनेखाली आल्प्समध्ये स्कीइंगची नवी केंद्रे वसवली गेली. हॉटेले उभी राहिली, पण ती भरायची कशी? सारा देश एकाच पंधरवड्यात आला तर खोल्या अपुऱ्या, आणि उरलेला हंगाम ओस.

७/ १९७० च्या दशकाच्या आरंभी यावर तोडगा निघाला: फेब्रुवारीची सुट्टी आणि देशाचे तीन विभाग. आजच्या रचनेत 'अ' मध्ये लियों, ग्रनोबल, बोर्दो. 'ब' मध्ये मार्सेय, नीस, लील. 'क' मध्ये पॅरिस, तुलूझ. क्रम दरवर्षी बदलतो. विभागणी फक्त हिवाळी आणि वसंत सुट्टीला लागू आहे. नाताळ आणि उन्हाळी सुट्टी सर्वांना एकत्रच.

८/ या सोयीची किंमत मात्र मुले मोजतात. बालकांच्या दिनक्रमाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सात आठवडे शाळा आणि दोन आठवडे विश्रांती असा क्रम सुचवतात. विभागांमुळे तो मोडतो: कुणाचे सत्र फार आखूड, कुणाचे थकवा येईल इतके लांब. म्हणूनच प्रत्येक नव्या वेळापत्रकाबरोबर तोच वाद उभा राहतो. सुट्टी मुलाच्या विसाव्यासाठी आहे की हॉटेलच्या खोल्या भरण्यासाठी?

९/ हा इतिहास प्रवाशालाही उपयोगी पडतो. तिन्ही विभागांच्या सुट्ट्या मिळून साधारण चार आठवड्यांचा पट्टा होतो. त्यातल्या मधल्या दोन आठवड्यांत दोन-दोन विभाग एकत्र सुटीवर असतात. त्यातच ब्रिटनच्या शाळांची फेब्रुवारीतील मध्यसत्र सुट्टीही येते. आल्प्सचा बर्फ शांतपणे पाहायचा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा मध्य निवडावा.

१०/ थोडक्यात, १९३६ ने फ्रान्सला 'रजा कुणाला?' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'रजा केव्हा?' हा प्रश्न त्यातूनच जन्मला, आणि त्याचे सर्वमान्य उत्तर तेथे अजून सापडलेले नाही.