जादा घेतलेल्या व्याजाचं काय?

भिवापूरची मिरची सर्वांना ठाऊक आहे. आमचं मिरचीचं वावर मात्र आजोबांच्या काळात गहाणात गेलं, ते गेलंच. आजी म्हणायची, "मुद्दल फिटली, व्याज फिटेना." तिच्या पेटीतल्या पावत्यांची मी एकदा बेरीज केली. मुद्दलाच्या तिपटीहून जास्त भरणा निघाला!

व्याज मुद्दलाच्या वर चढू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे जुनाच. पण हिशेब सावकाराच्या वहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, त्यांनी रोखे जाळले. १८७९ च्या कायद्यानं न्यायालयाला व्यवहार मुळापासून तपासायला लावला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यापुरताच. आमच्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा आला. त्याचा भर उरलेलं देणं कमी करण्यावर.

आणि भरून झालेलं? २९ एप्रिल २०२४ च्या पत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की काही संस्था पैसे हाती देण्याआधीच, मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावतात. जादा घेतलेलं परत करा, असं त्यांना बजावलं. चांगलं झालं. पण तो पैसा इतके दिवस त्यांच्याकडे राहिला, त्याचं व्याज? कर्जदाराला लावला तोच दर त्यांनाही लावावा, असं मला वाटतं.