सेवा जुनीच, पगार नवा

'सेवा क्षेत्र' हा शब्द नवा. सेवा आपल्या बापजाद्यांची. वऱ्हाडात पाटलाचा सांगावा न्या, सरकारी ओझं वाहा, रात्री गाव राखा. मोल काय, तर बलुतं! १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. अकोला-बडनेऱ्याला कापसाच्या गाठी उचलायला माणसं लागली, रोख मजुरी दिसली. पण हक्काची जागा? ती १९४३ ला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. आता म्हणे, नोकऱ्या सेवेतच वाढतात. वाढतात ना! पण झाडू, पहारा, दवाखान्यातली वर्दळ ठेकेदाराकडं, अन् तिथं बिंदुनामावली लागत नाही. सप्टेंबर २०२३ ला राज्यानं बाह्ययंत्रणेतून भरतीचा निर्णय काढला; पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरात तो रद्द झाला. ठेके मात्र चालूच आहेत.