टॅबलेट निवडताना : जाहिरातीपेक्षा राजापूरची कसोटी

आमच्या प्रतिनिधीकडून

राजापूर : मे महिन्याची सुटी आणि गणेशोत्सव या दोन वेळा कोकणात खरेदीच्या मानल्या जातात. मुंबई-पुण्यातील चाकरमानी गावी येताना घरच्यांसाठी काही ना काही घेऊन येतो. पूर्वी ते घड्याळ वा रेडिओ असे; पुढे मोबाइल आला आणि अलीकडे अकरावीत गेलेल्या पुतण्यासाठी किंवा घरी असलेल्या आईवडिलांसाठी टॅबलेट संगणकाचा विचार होऊ लागला आहे. मात्र हा टॅबलेट महानगरातील दुकानात, तेथील झगमगाटात आणि तेथील नेटवर्कवर पारखला जातो, आणि वापरला जातो तो ओणी, पाचल, नाटे वा जैतापूर परिसरातील एखाद्या वाडीत. दुकानात अव्वल ठरलेले यंत्र गावी पोचल्यावर दुय्यम ठरण्याची शक्यता येथेच निर्माण होते. पंधरा ते चाळीस हजार रुपयांचा हा खर्च पुनःपुन्हा करता येण्याजोगा नसतो. म्हणूनच प्रतिस्पर्धी टॅबलेटची तुलना कोणत्या निकषांवर करावी, याचा हा आढावा.

आयपॅड ते आकाश

टॅबलेटची आजची कल्पना रूढ झाली ती अ‍ॅपलच्या आयपॅडमुळे. २७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी ९.७ इंची पडद्याचा पहिला आयपॅड जगासमोर आणला. त्याच वर्षी सॅमसंगने अँड्रॉइड प्रणालीवरील सात इंची गॅलेक्सी टॅब बाजारात आणला आणि या दोन प्रणालींमधील स्पर्धा सुरू झाली. मायक्रोसॉफ्टचा सरफेस २०१२ मध्ये तिसरा स्पर्धक म्हणून आला.

भारतीय ग्राहकाला सर्वांत मोठा धडा मात्र 'आकाश'ने दिला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते या स्वस्त टॅबलेटचे अनावरण झाले. विद्यार्थ्यांच्या हाती अल्प किमतीत संगणक देण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु २५६ एमबी रॅम, बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी यांमुळे पहिल्या आवृत्तीने अपेक्षाभंग केला. किंमत कमी असणे आणि वस्तू स्वस्त पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून दिसून आले. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हाही खरे आव्हान वाटपाचे नव्हते. ते दुरुस्तीचे आणि बदलत्या अभ्यासक्रमानुसार नवा मजकूर भरण्याचे होते.

आधी वापरणारा, मग कंपनी

तुलना सुरू करण्यापूर्वी टॅबलेट कोणासाठी, हे ठरवणे आवश्यक आहे. ज्येष्ठांना मोठी अक्षरे, स्पष्ट आवाज आणि नातवंडांशी व्हिडिओ संभाषण एवढेच हवे असते. विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तके, व्याख्याने आणि लेखणीने टिपणे काढण्याची सोय लागते. व्यावसायिकाला कळफलक आणि कार्यालयीन कामाची प्रणाली हवी असते. शेवटच्या वर्गातील ग्राहकाने तर टॅबलेटऐवजी साध्या लॅपटॉपचा विचार आधी करावा. दीर्घ लेखन आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी तो आजही सरस ठरतो.

दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील नॉन-क्रीमिलेअर विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेने जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या प्रशिक्षणासोबत मोफत टॅब आणि इंटरनेट डेटा देण्याची योजना राबवली आहे. त्या वर्षीची जाहिरात व मुदत तपासून मगच दुकानाची पायरी चढावी.

पडद्याचे गणित

जाहिरातीत पडद्याची लांबी कर्णाच्या मापात, इंचांत सांगितली जाते. पुस्तक वाचणाऱ्याला मात्र रुंदी महत्त्वाची. ए-४ आकाराचे पान ८.७ इंची टॅबलेटवर उभे धरून पाहिले, तर ते मूळ आकाराच्या सुमारे ५४ टक्के दिसते. ११ इंची, १६:१० प्रमाणाच्या पडद्यावर ते ७० टक्के, तर किंचित रुंद ठेवणीच्या आयपॅडवर ७५ टक्के दिसते. म्हणजे छापील १२ पॉइंटचे अक्षर अनुक्रमे साडेसहा, साडेआठ आणि नऊ पॉइंटचे होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहेत. पण ती लहान टॅबलेटवर सतत बोटाने मोठी करून वाचावी लागतात. अभ्यासासाठी अकरा इंचांच्या खाली जाऊ नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. प्रवासात बातम्या वाचण्यासाठी वा अंथरुणात पडून चित्रपट पाहण्यासाठी मात्र हलका, लहान टॅबलेटच सोयीचा.

सिम की केवळ वाय-फाय?

बहुतेक टॅबलेट दोन प्रकारांत मिळतात : केवळ वाय-फाय असलेला आणि सिम चालणारा. शहरात घरोघरी ब्रॉडबँड असल्याने पहिला पुरतो. गावी तो घेतल्यास मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहावे लागते; घरातील एकुलता स्मार्टफोन वडिलांसोबत बाजारात गेला की मुलाचा अभ्यास थांबतो.

राजापूर तालुक्याची रचना सड्यांची आणि दऱ्यांची. सड्यावर भरपूर सिग्नल आणि खाली वाडीत शून्य, हा अनुभव येथे सार्वत्रिक आहे. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन वर्ग पूर्ण केल्याची बातमी राज्यभर गाजली होती. कमी कंपनसंख्येच्या लहरी दूरवर आणि भिंतीआड अधिक चांगल्या पोचतात. म्हणून सिमचा टॅबलेट घेताना माहितीपत्रकात एलटीई बँड ५, ८ आणि २८ यांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. हे अनुक्रमे ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्झचे पट्टे होत. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे २७ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रार्पण झाले. ज्या वाडीत केवळ याच कंपनीचा मनोरा आहे, तेथील ग्राहकाने बँड २८ विशेषत्वाने तपासावा.

येथे आयपॅडबाबत एक मेख आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए-१६ चिपच्या आयपॅडच्या सेल्युलर प्रकारात सिमकार्डासाठी खाचच नाही. त्यात केवळ ई-सिम चालते. आपल्या गावी ज्या कंपनीचे सिग्नल मिळते, ती आपल्या भागात ई-सिम देते का, हे आधी विचारून घ्यावे. शिवाय केवळ वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसही नसते.

आयुष्य किती?

यंत्र बंद पडल्यामुळे नव्हे, तर त्याची प्रणाली जुनी झाल्यामुळे अनेक टॅबलेट निकामी ठरतात. सुरक्षा सुधारणा थांबल्या, की काही वर्षांत बँकांची आणि शिक्षणाची अ‍ॅप चालेनाशी होतात. या बाबतीत अ‍ॅपलची कामगिरी सातत्यपूर्ण आहे. २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड २०२४ च्या आयपॅड-ओएस १८ पर्यंत नवी आवृत्ती मिळवत राहिला आणि २०२५ च्या आवृत्तीतून वगळला गेला. सॅमसंगने आपल्या काही नव्या टॅबलेटना सात वर्षे सुधारणा देण्याचे जाहीर केले आहे. तथापि हे वचन प्रत्येक मॉडेलला लागू नाही. स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटच्या बाबतीत ग्राहकाने 'किती वर्षे सुरक्षा सुधारणा मिळणार?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पडताळून पाहावे. उत्तर मिळत नसेल, तर तेच उत्तर समजावे.

रॅमच्या बाबतीतही आकड्यांचा खेळ चालतो. '४ + ४ जीबी' असे लिहिलेले असते, तेव्हा खरी रॅम चारच जीबी असते. उरलेली चार साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली आणि मंद असते. अभ्यासासाठी खरी सहा जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणूक असावी. मेमरी कार्डाची सोय असल्यास व्याख्याने सिग्नलच्या जागी उतरवून घरी पाहता येतात. गावच्या वापरासाठी हा गुण फार मोलाचा आहे. आयपॅडमध्ये ही सोय नाही.

वीज आणि पाऊस

वळिवाच्या पहिल्या सरीपासून वीजपुरवठ्याचा भरवसा उरत नाही. ९,००० एमएएच क्षमतेच्या बॅटरीत सुमारे ३५ वॅट-तास ऊर्जा मावते. १८ वॅटच्या चार्जरने ती भरायला दोन-अडीच तास, तर जुन्या १० वॅटच्या चार्जरने चार तासांच्या आसपास लागतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक, वाटेत वाया जाणारी ऊर्जा वजा जाता, असा टॅबलेट एकदा पूर्ण भरून वर थोडी उरते. विजा कडाडत असताना टॅबलेट चार्जिंगला लावून ठेवू नये, हे सांगायलाच हवे.

अर्जुना आणि कोदवलीचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकापर्यंत चढते, हे राजापूरकरांना नवे नाही. पण टॅबलेटला पुरापेक्षा अधिक धोका गळक्या कौलांचा, दमट हवेचा आणि किनारपट्टीच्या खाऱ्या वाऱ्याचा. पाणी व धूळ रोधण्यासाठीचे आयपी ६८ मानांकन सॅमसंगच्या एस-१० एफई या मॉडेलला आहे. साध्या आयपॅडला आणि स्वस्त टॅबलेटना असे संरक्षण नसते. मानांकन असले तरी ते गोड्या पाण्यातील चाचणीवर आधारित असते. समुद्राचे पाणी त्यात धरलेले नसते.

स्पर्धक समोरासमोर

पुढील किमती भारतातील पदार्पणाच्या वेळी कंपन्यांनी जाहीर केलेल्या आहेत. बाजारभाव बदलतो, म्हणून त्या केवळ परस्पर तुलनेसाठी पाहाव्यात.

आयपॅड (ए-१६, २०२५) : १२८ जीबी, वाय-फाय ३४,९०० रुपये, सेल्युलर ४९,९०० रुपये. वेग, पडद्याची ठेवण आणि दीर्घायुष्य यांत अग्रेसर. लेखणी वेगळी घ्यावी लागते. यूएसबी-सी प्रकारच्या अ‍ॅपल पेन्सिलची किंमत ७,९०० रुपये. मेमरी कार्ड आणि हेडफोनची खाच नाही.

सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस-१० एफई (२०२५) : १०.९ इंची पडदा, ४२,९९९ रुपयांपासून. लेखणी खोक्यातच मिळते, मेमरी कार्ड चालते, पाण्यापासून संरक्षण आहे. लेखणीसह हिशेब केल्यास आयपॅडच्या आणि त्याच्या किमतीतील फरक नाममात्र उरतो.

रेडमी पॅड २ (२०२५) : ११ इंची पडदा, ९,००० एमएएच बॅटरी, मेमरी कार्ड आणि हेडफोनची खाच. वाय-फाय १३,९९९ रुपये. सहा जीबी रॅमचा फोर-जी सिम चालणारा प्रकार १५,९९९ रुपये. वेग बेताचा, परंतु वाचन आणि व्याख्यानांसाठी पुरेसा.

सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए-११ (२०२५) : ८.७ इंची पडदा, ५,१०० एमएएच बॅटरी, वाय-फाय १२,९९९ रुपयांपासून. हाताळायला हलका, अभ्यासासाठी लहान.

वर्षाचा खर्च काढल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. पेन्सिलसह ४२,८०० रुपयांचा आयपॅड सहा वर्षे चालला, तर वर्षाला सुमारे ७,१०० रुपये पडतात. सोळा हजारांचा टॅबलेट तीन वर्षे टिकला, तर वर्षाला सुमारे ५,३०० रुपये. दोनच वर्षे टिकला, तर मात्र ८,००० रुपये. स्वस्त टॅबलेट स्वस्त ठरतो तो तीन वर्षे टिकल्यासच.

दुरुस्ती आणि दाद

किमतीइतकेच महत्त्व सेवा केंद्राच्या अंतराला आहे. राजापूरहून रत्नागिरी सुमारे ६५ किलोमीटर. कोल्हापूरला जायचे तर अणुस्कुरा घाट ओलांडावा लागतो. खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र कोठे आहे, ते पाहावे आणि फुटलेला पडदा बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा. तो टॅबलेटच्या निम्म्या किमतीइतका असेल, तर जाड संरक्षक आवरण आधी घ्यावे.

मुंबईत घेतलेल्या वस्तूबाबत गावी दाद मागता येत नाही, हा समज चुकीचा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. मात्र पक्के बिल हवेच, आणि ते शक्यतो वापरणाऱ्याच्या नावाने असावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुकानातच करावयाच्या चाचण्या

मराठी कळफलक सुरू करून 'दुसऱ्या', 'ज्ञान', 'लक्ष्मी' हे शब्द लिहून पाहावेत. 'ऱ्या'मधील र नीट उमटला, तर मराठीची व्यवस्था ठीक आहे असे समजावे. आपल्या पुस्तकाची पीडीएफ उघडून ती न वाढवता वाचता येते का, ते पाहावे. आवाज पूर्ण वाढवून ऐकावा. कौलांवर पाऊस पडत असताना तो पुरला पाहिजे. ज्येष्ठांसाठी घेताना व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून दाखवण्यास सांगावे. आयपॅडवर हे अ‍ॅप मे २०२५ मध्येच उपलब्ध झाले.

निष्कर्ष असा : वाडीत राहून अभ्यास करणाऱ्यासाठी सिम आणि मेमरी कार्ड चालणारा, सहा जीबी रॅमचा, अकरा इंची मध्यम टॅबलेट हा महागड्या वाय-फाय आयपॅडपेक्षा अधिक उपयोगी आहे. घरी ब्रॉडबँड असेल आणि पाच-सहा वर्षांचा विचार असेल, तर आयपॅड. लेखणीने टिपणे काढायची आणि पावसाची धास्ती असेल, तर एस-१० एफई. आणि यांपैकी कोणताही टॅबलेट घेण्याआधी गावी एक दूरध्वनी करून कोणत्या कंपनीचे सिग्नल घरात मिळते, एवढे विचारावे.